पणजोबांचे बिल्ले: किंमत विचारण्याआधी कड वाचा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका घरात जुनी लोखंडी ट्रंक उघडली असता पणजोबांचे तीन लष्करी बिल्ले निघाले. त्यांपैकी एक चांदणीच्या आकाराचा, एक पांढऱ्या धातूचा गोल आणि एक पिवळसर गोल आहे, आणि त्यांच्याबरोबर तळहाताहून मोठी, काळवंडलेली, जड अशी एक तबकडीही आहे. सराफाने पांढऱ्या बिल्ल्याचा भाव चांदीच्या वजनावर सांगितला, तर जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने चारही वस्तूंना मिळून एकरकमी पैसे देऊ केले. तेव्हा यांची खरी किंमत किती, त्या साफ कराव्यात का, आणि विकाव्यात का?

किमतीकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी टाळण्याची विनंती करतो, कारण त्या एकदा घडल्या की उलटवता येत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे घासणे. चिंच, लिंबू, राख, पितांबरी किंवा ब्रासो यांपैकी काहीही या वस्तूंना लावू नका. शंभर वर्षांत धातूवर जो गडद थर बसतो तो संग्राहकाच्या दृष्टीने मळ नसतो. तो वस्तूच्या जुनेपणाचा पुरावा असतो आणि खालच्या बारीक नक्षीचे रक्षणही करतो. घासून लखलखीत केलेले पदक जाणकार ग्राहक हातात घेताच बाजूला ठेवतो. दुसरी गोष्ट म्हणजे कस लावणे. सराफ सवयीने वस्तूची कड कसोटीच्या दगडावर ओढतो किंवा कानशीने किंचित घासून त्यावर आम्ल टाकतो. या पदकांच्या बाबतीत नेमकी कड हीच सर्वांत मोलाची जागा असल्यामुळे ती परीक्षा पदकाचे नुकसान करते. धातूची खात्री हवीच असेल तर अनेक सराफांकडे आता क्ष-किरणांवर चालणारे तपासणी यंत्र असते. त्यात वस्तूला ओरखडाही पडत नाही.

आपण दिलेल्या वर्णनावरून हे तीन बिल्ले पहिल्या महायुद्धातील नेहमीचे त्रिकूट दिसते. चांदणी म्हणजे १९१४-१५ स्टार, पांढरे पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल आणि पिवळसर पदक म्हणजे व्हिक्टरी मेडल. ब्रिटिश वॉर मेडलच्या एका बाजूस पाचव्या जॉर्ज राजाचे मस्तक व दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला विवस्त्र पुरुष असतो. व्हिक्टरी मेडलवर पंख असलेली विजयदेवता असते आणि त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी असते. दोन्ही गोल पदकांचा व्यास ३६ मिलिमीटर भरतो. चांदणीवर ‘१९१४-१५’ असे आकडे आहेत की नुसते ‘१९१४’ आहे, हे भिंगातून नीट पाहा, कारण त्या दोहोंत मोठा फरक आहे. नुसत्या १९१४ ची चांदणी ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांनाच मिळाली. भारतातून इतक्या लवकर तेथे पोहोचल्या त्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन, आणि त्यांच्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्या व १०७ वी पायोनिअर्स ही पलटण होती. उलट नोव्हेंबर १९१४ मध्येच आजच्या इराकमधील बसऱ्याच्या बाजूस उतरलेल्या मराठा पलटणींतील शिपायांना मात्र १९१४-१५ ची चांदणी मिळाली, कारण त्यांची आघाडी निराळी होती. आणखी एक खूण लक्षात ठेवावी: १९१४-१५ स्टार कधीही एकटा दिला गेला नाही. तो ज्याला मिळाला त्याला पुढची दोन्ही पदके मिळालीच. त्यामुळे एखाद्या घरी नुसती चांदणी असेल, तर उरलेली दोन हरवली, मोडीत गेली किंवा भावकीत वाटली गेली असे खुशाल समजावे.

आता कड वाचावी. गोल पदकांच्या कडेवर आणि चांदणीच्या सपाट पाठीवर इंग्रजीत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दिवा तिरपा धरून, भिंगाने, एकेक अक्षर कागदावर उतरवून घ्या. नावे त्या काळच्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असतात. ‘जाधव’चे ‘जाधाओ’ होते, आडनाव गळून नुसते ‘पांडू’ उरते, ‘मराठा’ या शब्दात एक जादा ‘एच’ असतो. गावाचे नाव पदकावर कधीच नसते. म्हणून ‘धोंडी शिंदे’ एवढ्यावरून माणूस ठरत नाही. त्या काळात एकाच पलटणीत त्या नावाचे अनेक शिपाई असू शकत. ओळख पटते ती क्रमांक आणि पलटण यांच्या जोडीने. तिन्ही पदकांवर तोच क्रमांक आणि तेच नाव असेल तर तो खरा संच मानावा. एखादे पदक वेगळ्या नावाचे निघाले तर घरात दोन भाऊ फौजेत होते का, हे वडीलधाऱ्यांना विचारावे.

कडेवर १०३, ११० किंवा ११७ हे आकडे आणि पुढे मराठा पलटणीचे संक्षिप्त नाव दिसले, तर तो शिपाई मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत असण्याची शक्यता खूप वाढते, कारण या तिन्ही पलटणी सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. टेसिफॉनहून माघार घेतल्यावर डिसेंबर १९१५ पासून हे सैन्य कुत-अल-अमारा येथे वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती लागली. त्यांतील असंख्य जण कैदेत उपासमारीने आणि रोगाने मेले. १९२२ च्या पुनर्रचनेत याच पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियनी झाल्या. १०३ वी पहिली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. त्यामुळे आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातील कागदावर ‘१/५’ किंवा ‘३/५’ (पाचव्या रेजिमेंटची पहिली किंवा तिसरी बटालियन) असे काही दिसले तर ती पणजोबांच्याच पलटणीची पुढची ओळख असू शकते.

आता त्या तबकडीबद्दल, कारण प्रश्नात तिला शेवटी जागा मिळाली असली तरी मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, हातात त्रिशूळ घेतलेली उभी स्त्री आणि पुढे सिंह असलेली ही कांस्याची तबकडी केवळ युद्धसेवेत मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दिली गेली. एकूण साडेतेरा लाखांच्या आसपास तबकड्या काढल्या गेल्या. तिच्यावर हुद्दा किंवा पलटण मुद्दाम घातलेली नाही, नुसते नाव आहे, म्हणजे मरणात सगळे सारखे. याचा तुमच्या घरापुरता अर्थ असा की पणजोबा परत येऊन पेन्शन खाऊन वारले असतील, तर ही तबकडी त्यांची नाही. ती त्यांच्या भावाची, चुलत्याची किंवा मेव्हण्याची असेल. तिच्यावरील नाव बिल्ल्यांवरील नावाशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय चारही वस्तू एकाच माणसाच्या म्हणून कोणाला दाखवू नका. नाव तपासताना अक्षरे तबकडीबरोबर ओतलेली, म्हणजे पृष्ठभागावर उठून दिसणारी आहेत ना, हे पाहा. खोदलेली अक्षरे असतील तर मूळ नाव घासून काढून दुसरे घातले असल्याची शंका घ्यावी. तबकडीबरोबर एक छापील सन्मानपत्रही येत असे. ते ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पोथीत किंवा फोटोच्या चौकटीच्या मागे सापडते का, तेही पाहावे.

मेलेल्या शिपायाचा माग काढण्यासाठी राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) ऑनलाइन यादी मोफत उपलब्ध आहे. तिच्यात वडिलांचे नाव, गाव, तालुका अशी माहिती कधीकधी मिळते आणि एरवी कोठेच न जुळणारे नाव तेथे एकदम जुळून जाते. मेसोपोटेमियात पडलेल्यांची स्मृती बसरा येथील स्मारकावर आहे. पण तेथे भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची केवळ पलटणवार संख्या घातली गेली. शिपायांची नावे नोंदवहीत राहिली. त्यामुळे स्मारकाच्या छायाचित्रात नाव दिसत नाही म्हणून शोध सोडू नये. फ्रान्समध्ये पडलेल्यांसाठी नव्ह-शापेल येथील स्मारक आहे. भारतात दफन झालेल्या, पण ज्यांच्या थडग्यांची देखभाल शक्य राहिली नाही अशा १,८०० हून अधिक जणांची नावे पुण्यातील खडकीच्या युद्ध दफनभूमीत आहेत. जिवंत परतलेल्या शिपायाचा माग काढणे मात्र अवघड असते. त्याच्यासाठी घरातील पेन्शनचे कागद, सुटकेचा दाखला, जमीन मिळाली असल्यास तिचा जुना फेरफार, आणि गावातील ती संगमरवरी पाटी, जिच्यावर या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतके मेले असे लिहिलेले असते, हेच आधार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे विनंतीपत्र पाठवून पाहावे. क्रमांक आणि पलटण लिहून दिल्याशिवाय मात्र कोणीही काही करू शकत नाही.

हे सगळे झाल्यावर किमतीला अर्थ येतो. सराफाने सांगितलेली किंमत खोटी नाही, ती फक्त सर्वांत खालची पायरी आहे. ब्रिटिश वॉर मेडल सुमारे २८ ग्रॅम वजनाचे, ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीचे आहे, म्हणजे साधारण २६ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या भावाने याचा गुणाकार केला की तळाची किंमत मिळते. त्याखाली कोणालाही देऊ नये. १९८० च्या सुमारास जगभर चांदी कडाडली तेव्हा ही पदके मोठ्या संख्येने वितळवली गेली, आणि म्हणून आज अनेक घरांत चांदणी व पिवळे पदक शिल्लक आहे पण मधले पांढरे नाही. आपल्याकडे मुलीच्या लग्नात जोडव्यांसाठी पदक मोडले गेले, अशाही कहाण्या पुष्कळ ऐकायला मिळतात.

धातूवर किंमत ठरवण्यात फसगत कशी होते त्याचे उत्तम उदाहरण याच पदकाचे आहे. लढाऊ नसलेल्या हमाल, मजूर आणि पोर्टर तुकड्यांतील लोकांना ते चांदीऐवजी कांस्यात दिले गेले. चांदीची पदके ६५ लाखांच्या घरात निघाली, कांस्याची १ लाख १० हजारांच्या आसपास. घरातले लोक कांस्याच्या पदकाला ‘तांब्याचा बिल्ला’ म्हणून बाजूला टाकतात आणि संग्राहक नेमके तेच शोधत असतो. मजूर तुकड्यांत गेलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नसल्यामुळे, माझ्या मते तर अशी पदके पैशापलीकडेही जपण्याजोगी आहेत.

पदकाची बाजारातील किंमत मुख्यतः चार गोष्टींवर चढते: ते शौर्यपदक आहे की केवळ सेवेचे, पलटण कोणती, त्या माणसाचे काय झाले, आणि संच व कागद एकत्र आहेत का. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा १९०७ पासून दिले गेलेले इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल निघाले तर प्रकरण पूर्णपणे वेगळ्या पातळीवर जाते आणि अशा वेळी स्थानिक व्यापाऱ्याशी बोलण्यापूर्वी स्वतंत्र जाणकाराचे मत घ्यावेच. तुमच्यासारख्या नेहमीच्या त्रिकुटाची किंमत त्या मानाने माफक असते. मात्र तेच त्रिकूट कुतच्या वेढ्यातील पलटणीचे असेल, त्याच नावाची तबकडी बरोबर असेल, आणि एखादे पत्र किंवा गणवेशातला फोटो असेल, तर एकत्रित किंमत सुट्या वस्तूंच्या बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. व्यापारी चारही वस्तू एकदम मागतो आहे यात म्हणूनच आश्चर्य नाही. त्याने नाव वाचले आहे, तुम्हीही वाचा.

तुलनेसाठी लंडनमधील स्पिंक आणि नूनन्स यांसारख्या लिलावगृहांचे जुने निकाल ऑनलाइन पाहता येतात. पलटणीचे नाव घालून शोधल्यास आपल्यासारखाच संच पूर्वी केवढ्याला गेला याचा बराच अंदाज येतो. मात्र विक्रीसाठी मांडलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत गल्लत करू नये. संकेतस्थळावर कोणी पाच लाख लिहिले म्हणजे तेवढ्याला वस्तू गेली असे नव्हे. लिलावाच्या बोलीवर ग्राहकाकडून वेगळे शुल्क घेतले जाते आणि विकणाऱ्याकडूनही दलाली कापली जाते, तेव्हा हातात पडणारी रक्कम छापील आकड्यापेक्षा बरीच कमी असते. ओळखीच्या, सचोटीच्या व्यापाऱ्यानेही वस्तू पुढे ज्या भावाला जाईल त्याच्या निम्म्याच्या आसपास देऊ केले, तर त्याला लुबाडणूक म्हणू नये. त्याचे भांडवल वर्षानुवर्षे अडकून पडते.

तुम्ही विकणारे असल्यामुळे बनावटीचा प्रश्न तुम्हाला तितकासा भेडसावणार नाही, पण हे पाहून संग्रह सुरू करावासा वाटणारे नातेवाईक नेहमी निघतात, म्हणून लिहितो. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्यातील बुधवार-रविवारचा जुना बाजार येथे खरी पदके अधूनमधून मिळतात, आणि त्यांच्या शेजारीच अलीकडे घडवलेली पितळी होकायंत्रे, दुर्बिणी आणि व्हिक्टोरिया क्रॉसही मिळतात. ओतीव नकलेत नक्षी मऊ व पुसट दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, आणि ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून व्यास मूळ पदकापेक्षा किंचित कमी भरतो. याहून लबाड प्रकार म्हणजे खऱ्या पदकाचे नाव घासून दुसरे नाव ठोकणे. त्यासाठी व्हर्निअर कॅलिपरने व्यास आडवा, उभा आणि तिरपा असा मोजावा. कोठे कमी भरला तर तेथे कानस फिरली आहे. फितीवर अतिनील प्रकाशाची लहान विजेरी धरावी. अलीकडच्या धाग्यातील पांढरेपणा आणणारी रसायने निळसर चमकतात. नवी फीत असणे हा दोष नाही, कारण फिती झिजतात आणि बदलल्या जातात. मात्र नवी फीत जुनी म्हणून विकली जात असेल तर विकणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही संशयाने पाहावे.

ज्ञान येथे भिंगापेक्षा जास्त उपयोगी पडते. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर ‘वझिरीस्तान १९२५’ अशी पट्टी (फितीवर बसवलेली, मोहिमेचे नाव असलेली धातूची चीप) असलेले पदक एका शिपायाच्या नावाने पुढे आले, तर ते हातात न घेताही नाकारता येते. ती पट्टी तीनशेहून कमी जणांना, आणि तीही केवळ ब्रिटिश हवाई दलाच्या लोकांना मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत, भारतीय सैनिकांना दिलेल्या चांदण्या व पदकांवर सामान्यतः नाव ठोकलेले असते, तर ब्रिटिश सैनिकांची पदके कोरीच वाटली गेली. कोरी बर्मा स्टार (ब्रह्मदेशाच्या आघाडीची चांदणी) घेऊन कोणी ‘आमच्या आजोबांची’ म्हणत असेल तर ती कोणाचीही असू शकते. आझाद हिंद सेनेच्या पदकांपासून नवख्याने दूर राहावे. मूळ पदके युरोपात घडवली गेली, युद्धानंतरही ती पुन्हा काढली गेली, आणि त्यांच्यावर नाव नसल्यामुळे भावनेपलीकडे पुरावा हाती लागत नाही.

तलवार, संगीन किंवा बंदूक ट्रंकेत निघाली तर नियम निराळे आहेत. जुनी म्हणून शस्त्र कायद्यातून आपोआप सुटत नाही; दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा पुराणवस्तूला सूट आहे, पण ते आपण घरी ठरवू नये. स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी. जुना तोफगोळा किंवा काडतुसे असतील तर हातही न लावता पोलिसांना कळवावे. शोभेचा म्हणून कोनाड्यात ठेवलेला गोळा रिकामा आहे, हे कोणी तपासलेले असते असे नाही.

पदकांनाही कायदा लागतो, आणि येथे बहुतेक लोक अनभिज्ञ असतात. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी ही वयोमर्यादा आता ओलांडली आहे. एखादी वस्तू पुरावशेष आहे की नाही हा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा असतो. परदेशी लिलावात वस्तू पाठवण्याचा विचार असेल तर आधी त्यांच्याकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मागावे. ते मिळाले नाही तर विषय तेथेच संपला. ‘कुरिअरने पाठवून द्या, कोणी उघडत नाही’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्याशी व्यवहार थांबवावा, कारण जप्ती आली तर ती पाठवणाऱ्याच्या नावावर येते. पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. व्यापाऱ्याकडे तो आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

ठेवायचे ठरले तर जपणूक सोपी आहे. प्रत्येक वस्तू आम्लविरहित कागदात वेगळी गुंडाळून, ओलावा शोषणारी पुडी घालून, बंद डब्यात ठेवावी. नाण्यांच्या स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या द्रव्याने तांबूस धातूवर हिरवा चिकट थर चढतो. रबरबँड आणि लोकरीचे कापड चांदी काळी करतात. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला घर असेल तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पुडी बदलावी.

विकण्याबाबत माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. तबकडीवरील नाव आणि पदकांवरील नाव यांची उकल होईपर्यंत विकू नका, आणि तोवर व्यापाऱ्याला नावाचे फोटो पाठवू नका. विकायचेच ठरले तर चारही एकत्र, लेखी पावतीवर आणि रक्कम बँकेतून घेऊन विका. पावतीत कडेवरील मजकूर जसाच्या तसा उतरवा. तुम्ही तीन भाऊ असल्याचे लिहिले आहे, त्यावरून वाटते की वाटणीचा प्रश्न कधीतरी येईल. तेव्हा एकेकाने एकेक बिल्ला घेण्याची पद्धत टाळा. संच तुटला की पुढच्या पिढीला तो जुळवता येत नाही आणि बाजारातही त्याचे मोल उतरते. संच एकाकडे ठेवून बाकीच्या दोघांसाठी कडेच्या अक्षरांसकट सर्व बाजूंचे नीट छायाचित्र काढून, खाली क्रमांक, नाव, पलटण आणि मूळ वस्तू कोणाकडे आहेत एवढे लिहून, तिघांच्या सह्यांनी एकेक प्रत करून घ्या.